१६५ हॉर्सपॉवरची स्नोमोबाईल डोंगरात का दमते? उत्तर इंजिनात नाही, क्लचमध्ये आहे

मार्च महिना. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात टोगवोटी पास नावाची खिंड आहे, साडेनऊ हजार फुटांच्याही वर. समजा, मिनेसोटातला एक गडी आपली स्नोमोबाईल ट्रेलरवर टाकून, दीड हजार किलोमीटरहून जास्त गाडी मारत इथे आलाय. घरी, हजारेक फुटांच्या सपाटीवर ही स्नोमोबाईल नुसती पळत होती. थ्रॉटल पूर्ण दाबला की काटा ८,००० आरपीएमवर जाऊन ठाम उभा.

इथे पहिल्याच चढाला काटा ७,३०० वर अडकला. वर सरकायचं नावच घेईना. अर्ध्या चढात ट्रॅकने, म्हणजे खालच्या रबरी पट्ट्याने, बर्फ उकरायला सुरुवात केली आणि गाडी स्वतःच खणलेल्या खड्ड्यात बसली. शेजारून त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची दुसरी गाडी आरामात माथ्यावर गेली.

आता याने हा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला तर खाली काय सल्ले येतील? टर्बो टाक. एक्झॉस्ट बदल. ट्रॅक लांब घे. हजारो डॉलरचे सल्ले. प्रत्यक्षात दोन गाड्यांमधला फरक काय असू शकतो, तर क्लचमधल्या धातूच्या तीन छोट्या तुकड्यांत प्रत्येकी सात-आठ ग्रॅमचा. बस.

हे सात-आठ ग्रॅम काय करतात, बाहेरचा क्लच किंवा क्लच किट घ्यावं की नाही आणि घेतलंच तर ते बसवायचं कसं, तेच आज समजून घेऊ.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला याचं काय? आमच्याकडे बर्फ फक्त फ्रीजमध्ये. पण तुमच्या घरात ॲक्टिव्हा, ज्युपिटर किंवा कुठलीही बिनगिअरची स्कूटर असेल, तर हे यंत्र तुमच्या दारातच उभं आहे. पुण्याच्या फिरोदियांनी ऐंशीच्या दशकात होंडाबरोबर कायनेटिक होंडा आणली, तेव्हा 'गिअर न टाकता गाडी चालते' याचं लोकांना कोण अप्रूप होतं. तिच्या डाव्या कव्हरखाली जे होतं, त्याचाच दांडगा भाऊ स्नोमोबाईलच्या पोटात असतो. गुलमर्गला किंवा सोलंगला पाचशेचा पोज देत ज्या 'स्नो स्कूटर'वर आपण फोटो काढतो, तिच्यातही तोच.

दोन पुल्या आणि एक रस्सीखेच

या व्यवस्थेला म्हणतात सीव्हीटी. दोन पुल्या आणि मध्ये एक जाड रबरी बेल्ट. पुढची पुली इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर असते, ती प्रायमरी. मागची पुली ट्रॅक फिरवणाऱ्या बाजूला, ती सेकंडरी. प्रत्येक पुलीच्या दोन उतरत्या थाळ्या असतात. थाळ्या जवळ आल्या की बेल्ट कडेकडे चढतो, लांब गेल्या की मध्याकडे उतरतो.

म्हणजे सायकलच्या गिअरसारखंच, फक्त पायऱ्या नाहीत. निघताना इंजिन साडेतीनहून अधिक फेरे मारतं तेव्हा मागची पुली एक फेरा घेते. पूर्ण वेगात इंजिनाचा एक फेरा पुरा व्हायच्या आत मागची पुली एक फेरा उरकते. मधले सगळे आकडे बेल्ट आपोआप पार करतो.

पण बेल्टला कधी चढायचं आणि कधी उतरायचं हे सांगतं कोण? मेख इथे आहे.

प्रायमरीच्या आत तीन वजनं असतात, बिजागरीवर झुलणारी, बोटाएवढी. पुली फिरायला लागली की ही वजनं बाहेर फेकली जातात आणि सरकत्या थाळीला ढकलून बेल्ट आवळतात. त्यांना विरोध करते एक स्प्रिंग. इंजिन मंद असताना स्प्रिंग जिंकते, बेल्ट सैल राहतो आणि गाडी जागेवर उभी. आरपीएम वाढला की वजनं जिंकतात. आपल्या स्कूटरमध्ये गाडी जागेवर ठेवायला मागच्या चाकाशी वेगळा क्लच असतो. स्नोमोबाईलमध्ये बेल्ट पकडणं आणि सोडणं हे कामही प्रायमरीच करते. म्हणून तिला नुसती पुली न म्हणता क्लच म्हणतात.

सेकंडरीला मात्र इंजिनाच्या वेगाशी देणंघेणं नाही. तिला कळतो तो भार. तिच्यात हेलिक्स नावाचा तिरक्या कापाचा तुकडा असतो आणि एक स्प्रिंग. गाडी चढाला लागली, ट्रॅकवर ताण आला, की तो ताण हेलिक्सच्या उतारावरून थाळ्या एकमेकींकडे दाबतो. बेल्ट मागे कडेकडे चढतो आणि गाडी आपोआप खालच्या गिअरमध्ये येते. याला म्हणतात बॅकशिफ्ट.

थोडक्यात, पुढची पुली म्हणते 'वर टाक', मागची म्हणते 'थांब, चढ आहे'. दोघींची रस्सीखेच जिथे बरोबरीत सुटते, तिथे इंजिनाचा काटा स्थिरावतो. घाटात एसटीचा जुना ड्रायव्हर इंजिनाच्या आवाजावरून गिअर पाडतो ना, तोच ड्रायव्हर इथे दोन स्प्रिंगा, तीन वजनं आणि एक तिरका काप यांच्यात बसवलेला आहे. फरक इतकाच, की तो काहीच ऐकत नाही. त्याला जे शिकवून बसवलंय तेच तो करतो.

मग ८,००० चाच हट्ट का?

कारण डोंगरातल्या बहुतेक स्नोमोबाईल टू-स्ट्रोक आहेत. टू-स्ट्रोक इंजिनाची खरी ताकद एका अरुंद पट्ट्यात असते, कारण त्याचा एक्झॉस्ट पाइप विशिष्ट वेगाला 'सूर' लागेल असा घडवलेला असतो. आजच्या ८५० सीसीच्या गाड्यांत हा पट्टा ८,००० आरपीएमच्या आसपास येतो. मॉडेलनुसार शंभर-दोनशे इकडेतिकडे. त्याखाली सातशे आरपीएमवर गेलात तर ताकद घटते आणि इंजिन जड भाराखाली तापतं. वर गेलात तरी ताकद घटते, वर इंजिनाच्या भागांवर नको तो ताण.

म्हणजे क्लच ताकद निर्माण करत नाही. त्याचं काम एकच: गाडी सपाटीवर असो, चढावर असो की मऊ बर्फात रुतत असो, इंजिनाला त्या पट्ट्यात धरून ठेवणं.

आता आपला मिनेसोटावाला गडी. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना साध्या इंजिनाची ताकद साधारण ३ टक्क्यांनी कमी होते, कारण हवा विरळ. सपाटीवरचे १६५ हॉर्सपॉवर ९,००० फुटांवर १२० च्या आसपास येतात. इंजिनातला कॉम्प्युटर विरळ हवा ओळखून पेट्रोल कमी करतो, तेवढा तो हुशार आहे. पण क्लचला हे कोण सांगणार? ती तीन वजनं अजून १६५ घोड्यांच्या हिशोबानेच बेल्ट ओढतायत. इंजिनाला ते झेपत नाही आणि काटा ७,३०० वर बसतो.

म्हणून उंचीवर वजनं हलकी करायची. ढोबळ मानाने प्रत्येक वजनातला १ ग्रॅम म्हणजे शंभरेक आरपीएम. कंपन्या यासाठी उंचीनुसार तक्ते देतात: इतक्या ते इतक्या फुटांना अमुक वजन, अमुक स्प्रिंग, अमुक हेलिक्स. गंमत म्हणजे हा तक्ता बऱ्याच मालकांनी कधी उघडलेलाच नसतो.

स्की-डूच्या टीआरए क्लचवर तर बाहेरूनच फिरवता येणारे तीन छोटे स्क्रू होते, १ ते ६ आकडे असलेले. एक घर पुढे सरकवलं की साधारण २०० आरपीएमचा फरक. पाना घ्या, तिन्ही सारखे फिरवा, निघा. २०२० मध्ये स्की-डूने कारखान्यातूनच टर्बो लावून आलेली पहिली टू-स्ट्रोक स्नोमोबाईल जाहीर केली. ती १६५ हॉर्सपॉवर ८,००० फुटांपर्यंत टिकवते. तिथवर उंचीसाठी वजनं बदलायची भानगडच नाही.

बाजारात जायच्या आधी कव्हर उघडा

आता बाहेरच्या क्लचकडे येऊ. अमेरिका-कॅनडात हा मोठा बाजार आहे. वजनं, स्प्रिंग आणि हेलिक्सचं किट काही शे डॉलरला मिळतं. आख्खा नवा क्लच त्याच्या कितीतरी पट. जाहिरातीत सगळेच सांगतात, 'लावा आणि फरक बघा'.

फरक दिसतोही. पण तो कशामुळे, हे विचारायला हवं.

माझ्या जुन्या स्कूटरची गोष्ट सांगतो. पिकअप गेला होता. गॅरेजमध्ये आधी कार्बोरेटर खोलला, मग प्लग बदलला, मग एअर फिल्टर. तीन चकरा आणि बऱ्यापैकी पैसे गेल्यावर दुसऱ्या एका मेकॅनिकने डावं कव्हर उघडलं. व्हेरिएटरचे सहाही रोलर एका बाजूने घासून चपटे झालेले. नवे रोलर टाकले, स्कूटर पुन्हा तरणी. त्या दिवशी मी त्याजागी महागडं 'परफॉर्मन्स किट' घातलं असतं, तर मीही सगळ्यांना सांगत सुटलो असतो की किट जबरदस्त आहे!

स्नोमोबाईलमध्ये हेच होतं. काही हजार किलोमीटर चाललेल्या क्लचमध्ये रोलर चपटे होतात, बुश ढिले पडतात, सेकंडरीतली प्लास्टिकची बटणं झिजतात, स्प्रिंग थकते. अशा क्लचवर नवीन किट बसवणं म्हणजे ओल्या भिंतीवर रंग देणं. आणि अशा क्लचच्या जागी नवाकोरा क्लच बसवला, तर गाडी सुधारणारच. पण ते काम कदाचित बुश आणि रोलर बदलूनही झालं असतं.

त्यामुळे आधी थाळ्या बघा. त्यांवर बेल्टचा काळा थर बसला असेल तर खरबरीत नायलॉन घासणीने आणि अल्कोहोलने साफ करा. सीव्हीटी हे कोरडं यंत्र आहे. थाळ्यांना किंवा हलत्या भागांना तेल-ग्रीस लावायचा मोह टाळा, तेल लागलं की बेल्ट घसरणार. बेल्ट त्या मॉडेलचाच आहे का, त्याची रुंदी किती उरली आहे, हे मोजा. मग दोन्ही पुल्यांचं अलाइनमेंट. त्या एका रेषेत नसतील तर बेल्ट तिरका चालतो, तापतो आणि एक दिवस फुटतो. शेवटी बेल्टचा ताण: सेकंडरीत बेल्ट थाळीच्या कडेशी साधारण समपातळीत किंवा जरासा वर दिसायला हवा. फार सैल असेल तर निघताना गाडी ढेपाळते. फार आवळलेला असेल तर इंजिन नुसतं चालू असतानाही गाडी पुढे सरकू बघते.

हे सगळं करून, उंचीच्या तक्त्याप्रमाणे मूळ वजनं लावूनही समाधान नसेल, तर मग पाकीट काढा.

कोणी काय घ्यावं

इथे माझं मत स्पष्ट आहे: गाडीत काही बदललं असेल किंवा वापर कारखान्याच्या कल्पनेपेक्षा वेगळा असेल, तरच किट घ्या. टर्बो लावला, एक्झॉस्ट बदलला, लांब ट्रॅक घातला. डोंगरातल्या गाड्यांचे ट्रॅक आता १६५ इंचांपर्यंत आणि त्याहूनही लांब असतात, त्यावरचे रबरी दात तीन-तीन इंच. एवढं ओझं फिरवायचं तर रस्सीखेचीचा तोल नव्याने साधावा लागतो. एक जण १२० किलोचा, सामान वेगळं. दुसरा ६५ किलोचा. दोघांना एकच सेटिंग कसं चालेल?

यात सगळ्यात आधी घ्यायची गोष्ट म्हणजे समायोज्य वजनं. ज्यात छोटे स्क्रू, रिव्हेट किंवा चुंबक घालून ग्रॅम कमी-जास्त करता येतात. वारंवार वेगवेगळ्या उंचीवर जाणाऱ्याला याच्याइतका पैसा वसूल दुसरा सौदा नाही. पण एक लक्षात घ्या, वजनाचा एकूण आकडा सारखा असला तरी दोन वजनं सारखी वागत नाहीत. त्यांचा बाक आणि भार कुठे आहे, यावर सगळं ठरतं. बिजागरीजवळचा भार सुरुवातीच्या ओढीवर परिणाम करतो, टोकाचा भार वरच्या वेगातल्या आरपीएमवर. त्यामुळे एका कंपनीचं ६० ग्रॅम काढून दुसऱ्या कंपनीचं ६० ग्रॅम घातलं आणि गाडी वेगळीच वागली, तर नवल नाही.

प्रायमरी स्प्रिंगवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १२०/३४०. पहिला आकडा स्प्रिंगचा सुरुवातीचा जोर, दुसरा पूर्ण दबल्यावरचा. पहिला वाढवला की बेल्ट उशिरा, म्हणजे जास्त आरपीएमला पकडतो. खोल बर्फातून निघताना काहींना ते आवडतं. जंगलातल्या झाडांमधून हळू चालवणाऱ्याला ती झटके देणारी पकड नको असते. दुसरा आकडा वाढवला की पूर्ण वेगातला आरपीएम वर राहतो.

हेलिक्सचं गणित कोनाचं. कोन उभा असेल तर गाडी पटपट वरच्या गिअरमध्ये जाते. तळ्याच्या गोठलेल्या पृष्ठभागावर किंवा मोकळ्या ट्रेलवर पळणाऱ्याला हे हवं. कोन सपाट असेल तर गिअर सावकाश चढतो, पण थ्रॉटल सोडून पुन्हा दाबला की गाडी झटकन खाली येऊन ओढते. डोंगरात, झाडांत, वळणावळणाच्या चढात हेच जीव वाचवतं. काही हेलिक्सला दोन कोन असतात, ४४/३६ असे: सुरुवातीला उभा, पुढे सपाट.

जीव वाचवतं हा शब्द मी उगाच वापरला नाही. हिमस्खलनाचा धोका असलेल्या उतारावर अर्ध्यात रुतून बसणं ही स्नोमोबाईलवाल्यांची सगळ्यात वाईट स्थिती. नियम असा आहे की उतारावर एका वेळी एकच गाडी, आणि वर कोणी अडकलं तर मदतीला धावत वर जायचं नाही. कारण दुसऱ्या गाडीच्या वजनाने आख्खा उतार सुटू शकतो. अशा जागी थ्रॉटल दाबल्यावर इंजिन अर्धा सेकंद घुटमळलं, तर तो प्रश्न 'परफॉर्मन्स'चा राहत नाही.

आख्खा नवा प्रायमरी कधी? जुन्याला तडा गेला असेल, दुरुस्तीचा खर्च नव्याच्या जवळ जात असेल किंवा इंजिनाची ताकद इतकी वाढवली असेल की मूळ क्लचला ती पेलवत नाही. एरवी नाही. आणि विक्रेत्याने तुमचं मॉडेल, वर्ष, उंची, ट्रॅकची लांबी, तुमचं वजन यातलं काही न विचारताच 'हे घ्या, सगळ्यांना चालतं' म्हटलं, तर तिथून निघा. शेजाऱ्याचा चष्मा छान आहे म्हणून आपल्याला दिसत नाही.

बसवताना

प्रायमरी क्लच क्रँकशाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो. तो काढायला त्या मॉडेलचा पुलर लागतो. हातोडीने ठोकाल तर क्लचबरोबर क्रँकही वाकवाल. नवीन बसवताना ते निमुळतं टोक आणि क्लचचं भोक दोन्ही स्वच्छ आणि कोरडं करायचं. तिथली पकडच सगळं धरून ठेवते. बोल्ट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याएवढाच. गाडी थोडी चालवल्यावर पुन्हा एकदा तपासायचा, कारण क्लच पहिल्या फेरीत किंचित अजून आत बसतो.

तिन्ही वजनं साध्या डिजिटल काट्यावर मोजा. ती एकमेकांशी जुळायलाच हवीत. एकात स्क्रू घालायचा राहिला तर ८,००० आरपीएमला फिरणारी ती पुली थरथरायला लागेल आणि क्रँकच्या बेअरिंगची वाट लागेल.

आणि बेल्टचं संरक्षक कव्हर काढून इंजिन रेस करायचं नाही. कधीच नाही. बेल्ट काढून तर नाहीच नाही. भार नसताना इंजिन क्षणात मर्यादेपलीकडे पळतं. या वेगाला सुटलेला धातूचा तुकडा काय करू शकतो याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही. व्हिडिओत 'क्लच कसा चालतो बघा' म्हणत उघड्या क्लचशेजारी वाकून बसलेले लोक दिसतात. त्यांचं अनुकरण नको.

नवीन बेल्ट असेल तर आधी साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून लावतात, म्हणजे कारखान्यातला मेणचट थर जातो. पहिले पन्नासेक किलोमीटर पूर्ण थ्रॉटल टाळायचा.

काटा बघा, पोटातलं वाटणं नको

आता चाचणी. इथे लोक घाई करतात. वजनं, स्प्रिंग, हेलिक्स एकदमच बदलतात आणि मग गाडी बिघडली की कशाने बिघडली हे कळत नाही. एका वेळी एकच बदल. चढ तोच, बर्फ शक्यतो तसाच, चालवणारा तोच. इंजिन आणि पाइप नीट गरम झाल्यावरच मोजायचं, कारण थंड पाइपचा 'सूर' खालच्या आरपीएमला लागतो आणि आकडा फसवतो.

लांब चढावर थ्रॉटल पूर्ण दाबा आणि काटा बघा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कमीच असेल तर वजन कमी करा. जास्तच असेल तर वाढवा. इथपर्यंत सोपं. सुरुवातीला बरोबर आणि वेग वाढेल तसा आरपीएम गळत असेल, तर वजनाच्या टोकाचा भार जास्त आहे किंवा प्रायमरी स्प्रिंगचा दुसरा आकडा कमी पडतोय. सरळ चढात सगळं छान, पण थ्रॉटल सोडून पुन्हा दाबल्यावर गाडी 'भॉक' करून बसत असेल, तर दोष मागे आहे: सेकंडरी स्प्रिंग कडक करा किंवा हेलिक्सचा कोन सपाट करा. मात्र कडक स्प्रिंग बेल्टला जास्त चिमटते. त्यातून उष्णता वाढते आणि थोडी ताकद वाया जाते. काहीच फुकट मिळत नाही.

उष्णतेची चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण ती खोटं बोलत नाही. एक जोरकस फेरी मारा, इंजिन बंद करा, कव्हर उघडा, पुल्या पूर्ण थांबल्याची खात्री करा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही पुल्यांचं तापमान बघा. तो नसेल तर आधी हात जवळ नेऊन अंदाज घ्या, मग पुसटसा लावा. पुली कोमट असेल तर बेल्ट नीट पकडतोय. हात ठेववत नसेल तर त्या पुलीवर बेल्ट घसरतोय आणि तुमचे हॉर्सपॉवर बर्फाऐवजी रबर जाळण्यात चाललेत. काट्यावर ८,००० दिसले तरी अशा सेटिंगला बरोबर म्हणता येत नाही.

असा बेल्ट फुटायला मुहूर्त लागत नाही, आणि तो पार्किंगमध्ये फुटत नाही. स्नोमोबाईलचा जन्मच मुळी बर्फात अडकण्याच्या दुःखातून झालाय. १९३४ च्या हिवाळ्यात कॅनडाच्या क्विबेक प्रांतातल्या व्हालकूर गावात जोसेफ-आर्मांद बोंबार्डिए या गॅरेजवाल्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों अपेंडिक्सच्या दुखण्याने गेला. रस्ते बर्फाने बंद होते, हॉस्पिटल गाठता आलं नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीवर तो आधीपासून काम करत होता. १९३७ मध्ये त्याने सात जणांची बी-७ गाडी आणली आणि १९५९ मध्ये छोटी स्की-डू. आजही मागच्या डोंगरांत जाणारे लोक सीटखाली जादा बेल्ट ठेवतात. तो उणे वीस तापमानात, हातमोजे घालून बदलायची सवय घरीच करून घेतलेली बरी. जुना बेल्ट फुटल्यावर त्याचे धागे पुल्यांमध्ये अडकतात, ते सगळे काढल्याशिवाय नवा घालायचा नाही. नाहीतर तोही दोन किलोमीटरवर जातो, आणि असा बेल्ट दीड-दोनशे डॉलरचा असतो.

प्रत्येक बदल लिहून ठेवा. उंची, तापमान, बर्फ कसा होता, वजनं किती, काटा किती, पुल्या किती तापल्या. मोबाईलच्या नोट्समध्ये दोन ओळी पुरतात.

आपल्या मिनेसोटावाल्याने तेच केलं असं समजू. ट्रेलरवर गाडी चढवली, प्रत्येक वजनातून ७ ग्रॅम काढले, दुसऱ्या दिवशी त्याच चढावर काटा ७,९५० वर उभा राहिला आणि गाडी माथ्यावर गेली. चार दिवस मजेत गेले. फक्त परत घरी गेल्यावर, हजार फुटांवर पहिल्यांदा थ्रॉटल दाबायच्या आधी, ते २१ ग्रॅमचे स्क्रू डबीतून काढून पुन्हा वजनांत बसवायचेत. सपाटीवर इंजिनाला त्याचे सगळे १६५ घोडे परत मिळालेले असतील आणि त्यांना अडवायला क्लचमध्ये पुरेसं वजन नसेल, तर काटा ८,००० वर थांबणार नाही.